बारवेच्या पायऱ्या

बारवेच्या पायऱ्या मोजायच्या नाहीत, मोजल्या की पाणी आटते. फार पूर्वी एका गावात असा नियम होता. तो कोणी केला हे विचारायचे नाही, हा दुसरा नियम.

त्या गावात एक कोळ्याची मुलगी होती. बारवेत पोहून ती मोठी झाली होती. उन्हाळ्यातल्या पहिल्या बाजाराच्या दिवशी तिने पाहिले, पाण्याच्या वर पाच पायऱ्या कोरड्या आहेत. दुसऱ्या बाजाराला आठ झाल्या. तिसऱ्याला अकरा, चौथ्याला चौदा, पाचव्याला सतरा. मग तिने बुडी मारली आणि तळापर्यंतच्या पायऱ्या हाताने चाचपल्या. एकूण एक्केचाळीस.

ती तशीच ओल्या केसांनी पारावर गेली. तिथे पाटील आणि गावातले म्हातारे बसले होते.

"तेराव्या बाजाराला बारव कोरडी पडणार," ती म्हणाली. "पाऊस पंधराव्याच्या आधी येत नाही. मधले दोन आठवडे आम्ही बायकांनी तीन कोसांवरच्या नदीवरून घागरी आणायच्या का?"

पाटील हसले. "आज पाचवा बाजार. तेराव्याचे तुला कोण सांगून गेले?"

"पाणीच. ते दर आठवड्याला तीनच पायऱ्या उतरते. पहिल्यापासून तेराव्या बाजारापर्यंत बारा आठवडे. बारा त्रिक छत्तीस, त्यात सुरुवातीच्या पाच, झाल्या एक्केचाळीस. तिनांतली एक पायरी तुमच्या केळीच्या बागेला जाते, पाटीलबाबा. मोटेच्या खेपाही मोजल्यात मी. मोट थांबवा."

"मोजल्यास?" एक म्हातारा काठी आपटत उठला. "म्हणजे पाणी तूच आटवलेस!"

"बरं. मग मी मावशीच्या गावी जाते. तिथून तुमच्या पायऱ्या काही दिसत नाहीत. सातव्या बाजाराला येते."

जाण्याआधी तिने सगळ्यांदेखत पुन्हा बुडी मारली आणि पाण्याखाली, वरून तेविसाव्या पायरीवर एक पांढरा दगड ठेवला. "त्या दिवशी हा दगड कोरडा असेल, बघायला या," ती म्हणाली.

दोन आठवडे पायऱ्या कोणीच मोजल्या नाहीत. सातव्या बाजाराला सगळे गाव बारवेवर आले. शेवटच्या कोरड्या पायरीवर पांढरा दगड होता. त्याच्या खालच्या पायरीला पाणी लागले होते.

पाटलांनी मोटेचे बैल सोडले.

त्यानंतर पाणी दर आठवड्याला दोनच पायऱ्या उतरले. पंधराव्या बाजाराला पाऊस आला, तेव्हा बारवेत दोन पायऱ्यांचे पाणी उरले होते. नदीवर कोणालाच जावे लागले नाही.

म्हाताऱ्यांनी मुलीला पारावर बोलावले.

"झाले ते चांगले झाले, पोरी," पाटील म्हणाले. "पण रीत ती रीत. शपथ घे, पुन्हा मोजणार नाहीस."

"नाही घेणार."

"थोरांपुढे असे बोलतात?"

"मोजले नाही म्हणून पाणी उतरायचे थांबत नाही. फक्त ते संपणार हे संपल्यावर कळते. आणि तेव्हा नदीवर तुम्ही जात नाही, आम्ही जातो. मी मोजणार, आणि घागर उचलणाऱ्या प्रत्येक पोरीला शिकवणार."

काठीवाल्या म्हाताऱ्याने पाटलांकडे पाहिले. पाटलांनी बारवेकडे पाहिले.

तात्पर्य: ज्याची पावले सारखी पडतात त्याचा मुक्काम आजच सांगता येतो; जो मोजायला भितो, तो तहानेने शिकतो.