पाचांच्या पलीकडे

"पेंढरकर बाईंचा तो विद्यार्थी आलाय. त्याच्या तिथं म्हणे एका बाळाला पाच जण लागतात, आणि त्यातला एक..."

एवढं कानावर आलं आणि गिरणीचा पट्टा सुरू झाला. पुढचं सगळं पिठात गेलं.

आता पाचातला एक काय, हे कळल्याशिवाय मला घास गिळवला नसता. डबा घरी ठेवला आणि तशीच बाईंच्या ओट्यावर गेले. तशी मी रोज संध्याकाळी जातेच. बाईंची भिंत आणि आमची भिंत एकच.

बाळ कुठं दिसेना. बाई आरामखुर्चीत, समोर यशोधन. बाईंनी त्याला दहावीला जीवशास्त्र शिकवलं. अजून कुणी त्याचं नाव काढलं तर बाईंची मान ताठ होते. पण त्याच्या तोंडावर कधी शाबास म्हणाल्या नाहीत, हेही खरं.

जमिनीवर हा मोठा कागद पसरलेला. त्यावर एक गोल, गोलावर पाच खुणा.

"मी नवा जीव घडवलाय, काकू," तो मला म्हणाला. "दुसऱ्या ग्रहावरचा. पाच लिंगं."

"आणि बाळ?"

"कागदावर."

मी खाली बसले.

"पहिला बीज देतो," तो बाईंना सांगू लागला. "दुसरा अंडं. तिसरा दोन्ही आपल्या लाळेत कालवतो. चौथा पोटात वाढवतो."

"आणि पाचवा?" मी विचारलं.

"चौथ्याला भरवतो. नऊ वर्षं."

"बरं आहे बाई त्यांचं," मी म्हटलं. "आमच्याकडं चौथीच सगळ्यांना भरवते."

बाई हसल्या. तो नाही हसला.

"तीन वर्षं खपलोय, बाई. कुठं फट ठेवली नाही. पाच म्हणजे पाच. बाहेरच्या कुणाचं नुसतं बोट लागलं तरी बीज मरतं."

"असं?"

"असा जीव आजवर कुणी कल्पिला नसेल."

बाई कागदावरचा गोल बघत होत्या.

"सोमवारी पुस्तक छापायला जाईल. सुरुवातीला तुमच्या दोन ओळी हव्यात. त्या नसतील तर मी ते देणारच नाही छापायला." इथं त्याचा आवाज एकदम दहावीतला झाला.

बाईंनी कुंपणाकडं पाहिलं. ऊन उतरलं होतं.

"दुधी उमलला असेल," त्या म्हणाल्या. "जा, एक नर फूल घेऊन ये."

"एवढंच?" तो ऐटीत उठला.

वेलीवर पांढरी फुलं उघडत होती. त्याने सगळ्यांत टपोरं निवडलं, खुडलं आणि बाईंच्या हातात ठेवलं.

फुलामागे अंगठ्याएवढा, लव असलेला दुधी होता.

"अगंबाई! मादी खुडलीस की रे!" माझ्या तोंडून गेलं. "चार दिवस वाट बघतेय मी तिची!"

त्याचे कान लाल झाले. बाई फूल तळहातावर धरून बसल्या.

मला राहवेना. उठले. लांब, बारीक देठाचं एक फूल तोडलं, त्याच्या पाकळ्या काढून टाकल्या. शेजारच्या मादीच्या मधोमध अलगद टेकवलं. कुंकू लावतो ना, तसं. मग दुसरीला.

तो येऊन मागं उभा राहिला.

"हे... तुम्ही रोज करता?"

"दोन वर्षं झाली. रस्त्यावर हा दिव्याचा खांब आला ना, तेव्हापासून पतंग वेलीकडं फिरकेनात. सगळे दिव्यावर. फुलं यायची आणि गळायची. बाईंनी शिकवलं मला." आणि सांगायचं नव्हतं, पण सांगितलंच, "यंदा अकरा लागले. अकराच्या अकरा माझ्या हातचे."

"पण तुम्ही तर..." तो थांबला.

"मी सातवी पास," मी म्हटलं. "दुधी विचारत नाही."

तो परत ओट्यावर येऊन बसला. कागदाकडं बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "बाई... दोन ओळी?"

बाई वाकल्या. ते खुडलेलं फूल, मागच्या इवल्या दुधीसकट, त्याच्या कागदावर ठेवलं. गोलाच्या बाहेर.

मग माझ्याकडं बोट केलं.

"यशोधन... ह्या कितव्या?"