डिस्कसासूबाईंच्या किडक्या खोल्या

यंत्रं बोलत होती तेव्हाची गोष्ट. गावच्या दवाखान्यातल्या कॉम्प्युटरात, म्हाताऱ्या डिस्कच्या घरी, नवी सिस्टीम सून म्हणून आली. तिनं माप ओलांडलं आणि पडदा काळा झाला. कॉम्प्युटर सुरूच होईना.

"सासूबाई, तुमच्या खोल्या किडल्यात," सून म्हणाली. "सगळं पुसूनच टाकते."

म्हातारी डिस्क करकरली. "अगं, नऊशे बाळांच्या लसींच्या नोंदी आहेत माझ्या पोटात! खड्यांपायी कुणी सूपभर तांदूळ फेकतं का? निवडायला बस."

सून बसली. लाखो खोल्या! किडक्या खोलीवर चुन्याची फुली मारायची, आतलं बाळाचं नाव ओंजळीत घेऊन चांगल्या खोलीत ठेवायचं. मधेच तिनं मान वर केली. "बाई गं, एवढं एकटीनं सांभाळलंत?"

पडदा उजळला तेव्हा एकही बाळ कमी नव्हतं. सून वाकली. "आता मला घर दाखवा, सासूबाई."