खार जरा थांबली

फार वर्षांपूर्वी डोंगरातल्या एका विहारापाशी झुपकी नावाची खार राहत होती. चारोळीची एक बी पुरतानाच तिचं मन पुढच्या बीकडे धावायचं. त्यामुळे पावसाळ्यात पिल्लं भुकेजली, तेव्हा बिया कुठे पुरल्या तेच तिला आठवेना. ती सैरावैरा उकरत सुटली.

विहाराच्या पाण्याच्या टाक्यातलं म्हातारं कासव म्हणालं, "पोरी, जरा थांब. इथले भिक्खू अंगण झाडतात, तेव्हा त्यांचं मनही अंगणातच असतं. तू शांतपणे श्वास घे आणि नुसता मातीचा वास घे."

झुपकी थांबली. हळूहळू हुंगत गेली, तर पिंपळाच्या मुळाशीच बिया सापडल्या!

पिल्लांची पोटं भरल्यावर तिने एक दाणा सावकाश चावला.

"अगं बाई!" ती हसून म्हणाली, "चारोळी एवढी गोड असते होय?"