नदीचा गोटा आणि राळेची कांडी

दौत-टाक मागे पडून शाईचं पेन नवं नवं आलं होतं, तेव्हाची ही गोष्ट. धर्मा कातारी यानं राळेत रंग कालवून एक कांडी ओतली. निळसर, पांढऱ्या शिरांची, हुबेहूब दगडासारखी. कांडीलाही आपण दगडच आहोत असं वाटू लागलं.

लेथवर ती गरगर फिरली, अंगावरचे निळे पापुद्रे भुरुभुरु उडाले, तिला गुंगीच आली. पण गिरमिट पुढं येताच ती किंचाळली, "धर्माकाका, पोट कोरू नका हो! दगड कुठं पोकळ असतो?"

"अगं, पोकळ झालीस तरच पेन होशील."

ती ऐकेना. अंग इतकं आवळलं की तडकायचीच बाकी राहिली.

तेव्हा खिडकीतला नदीचा गोटा म्हणाला, "पोरी, खरा दगड मी. हजार वर्षं नदीत लोळलो. अख्खी नदी अंगावरून गेली, पण तिचा एक थेंब पोटात ठेवता आला नाही मला."

कांडीनं आवळलेलं अंग सैल सोडलं. मग हलकेच म्हणाली, "काका, चालवा गिरमिट."

पेन झालं, शाई भरली. "पहिलं काय लिहू गं?" धर्मानं विचारलं.

"नदी."

गोट्याला अक्षर येत नव्हतं. तरी ती ओली रेघ वाळेपर्यंत तो तिच्याकडे बघत राहिला.