दीड हाताचा मासा

नदीकाठच्या एका गावात एक भोळा जावई येऊन बसला होता. त्याचं नाव नारबा. बायकोला, म्हणजे सगुणाला, आणि तीन महिन्यांच्या लेकीला घरी न्यायला आला होता. सकाळी यायचं, दुपारी जेवायचं आणि संध्याकाळी गाडी जुंपायची, एवढंच त्याच्या मनात होतं. पण सासऱ्यांनी अडवलं.

सासरे म्हणजे येसाजी आबा. गळ टाकून मासे धरण्यात पंचक्रोशीत त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता, आणि नदीवर त्यांच्याइतका तऱ्हेवाईक माणूसही नव्हता. बसणार ते त्याच काळ्या दगडावर. पाण्यात आधी डावा पाय. अंगात तीच फाटकी बंडी. ती सासूबाईंनी चुकून धुतली, तर घरात चार दिवस अबोला.

आबा म्हणाले, "जावईबापू, गळ टाकून एक मासा धरून दाखवा. ज्याला मासा सांभाळता येत नाही, त्याच्या हातात मी माझी नात देणार नाही."

नारबाला लेक फार आवडायची. तो लगेच तयार झाला. त्याची एक गोष्ट चांगली होती. सांगितलेलं तो कधी विसरायचा नाही. सगळा घोळ तिथेच होता.

पहिल्या दिवशी आबांनी बजावलं, "नदीवर तोंड उघडायचं नाही. आवाज झाला की मासा पळतो."

नारबा तोंड मिटून बसला. थोड्या वेळाने एक कुत्रं आलं. त्याने आबांच्या टोपलीतले तीन मासे खाल्ले. मग फडकं सोडून भाकरी खाल्ली. मग चटणी चाटली आणि शिंकलं. नारबा बघत होता.

आबा मागे वळले. "जावईबापू, बोलला का नाहीत?"

नारबाने तोंडावर बोट ठेवलं.

घरी आल्यावर आबा म्हणाले, "अहो, काही हललं तर सांगायचं. खणखणीत सांगायचं."

दुसऱ्या दिवशी नारबा खणखणीत सांगू लागला.

"आबा, पान हललं."

"बरं."

"आबा, बगळ्याची मान हलली."

"बरं."

"आबा, तुमची मिशी हलली."

एवढ्यात आबांच्या दोरीला बांधलेलं बूच हललं. खाली मोठी मरळ लागली होती. नारबा असा ओरडला की पलीकडच्या काठावरची म्हैस उठून उभी राहिली. मरळ गेली ती गेलीच.

आबांनी तंबाखूची चिमूट तोंडात टाकली. रागावले की ते जावयाशी जास्तच अदबीने बोलायचे. "जावईबापू, कृपा करा. दोरीला ओढ लागली की गप्प राहायचं आणि ढील द्यायची. तिकडून ओढ आली की सोडत जायचं. आपण घाई करायची नाही. दमलं की आपोआप हाताशी येतं."

तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी त्याला म्हैस पाण्यावर न्यायला सांगितली. वाटेत म्हशीने दोरीला ओढ दिली. नारबाने ढील दिली. म्हैस शेजाऱ्यांच्या वांग्यांत शिरली. नारबा बांधावर बसला. शेजारीण धावत आली.

"अहो पाव्हणं, वढा की तिला!"

नारबा तिला हळूच म्हणाला, "घाई करू नका. दमू द्या."

म्हैस दमली नाही. वांगी संपली.

सासूबाई तशा शांत बाई. त्या एवढंच म्हणाल्या, "जावईबापू, हाताला काही लागलं तर घट्ट धरावं, जोर लावून ओढावं आणि सरळ घरी आणावं."

चौथ्या दिवशी आबा कमरेएवढ्या पाण्यात उभे होते. नारबा मागे काठावर होता. त्याने काठी फिरवली आणि गळ अडकला तो आबांच्या कासोट्यात. नारबाला ओढ जाणवली. त्याने घट्ट धरलं. जोर लावून ओढलं. आणि सरळ घरी आणलं.

सासूबाईंनी विचारलं, "हे काय?"

"आज हे लागलं," नारबा म्हणाला. "चांगलं लांब आहे."

सासूबाईंनी आपल्या हाताने धुतलेलं धोतर ओळखलं. आबा इकडे गळ्याएवढ्या पाण्यात जाऊन उभे होते, कारण काठावर गावच्या बायका धुणं घेऊन आल्या होत्या. दुसरं धोतर पोचेपर्यंत त्यांची बोटं सुरकुतली.

त्या दिवशी आबांनी त्याला समोर बसवलं आणि अगदी हात जोडले. "जावईबापू, हाती काय आलंय ते आधी बघायचं. मोजायचं. दीड हात भरलं तरच घरी न्यायचं. कमी भरलं तर जिथून उचललं तिथे अलगद परत ठेवायचं. मोठं झालं की आपलंच आहे."

पाचव्या दिवशी नारबाने गळ टाकला आणि टाकल्या टाकल्या मरळ लागली. चूक करायला वेळच मिळाला नाही. त्याने ती तीन वेळा मोजली. दीड हात आणि वर दोन बोटं.

आबांचे डोळे भरून आले. म्हणाले, "शिकला हो माझा जावई." सासूबाईंनी कालवण केलं. नारबाने डोकं खाल्लं, आबांनी शेपटी खाल्ली, आणि निरोपाचं ठरलं.

सकाळी गाडी जुंपली. कासरा सगुणाने स्वतःकडे घेतला. म्हैस तिच्या लक्षात होती. गाडीत पापड, कुरडया आणि गोधड्यांची गाठोडी रचली होती. आबांनी पाळण्यातून नात उचलली, तिची पापी घेतली आणि जावयाच्या हातात दिली.

"सांगितलेलं लक्षात आहे ना?"

"सगळं," नारबा म्हणाला.

आबा निर्धास्त मनाने बंडी चढवून नदीवर गेले. सासूबाई डोळे पुसत चुलीकडे वळल्या. नारबा मागून चढला आणि गाडी निघाली.

दोन कोस गेल्यावर सगुणा पुढूनच म्हणाली, "गुणाची गं माझी बाय, एकदासुद्धा रडली नाही. द्या हो तिला इकडे, भूक लागली असेल."

"ती पाळण्यात आहे," नारबा म्हणाला.

सगुणाने बैल थांबवले. "कुठल्या पाळण्यात?"

"आबांच्या. मी नीट मोजली. चार बोटं कमी भरली." नारबाने तिची समजूत घातली. "तू घाई करू नको. दिवाळीपर्यंत भरेल, तेव्हा येऊन नेऊ."