शून्याचं गाणं

नदीला अजून नाव पडलं नव्हतं, त्या काळची ही गोष्ट. काठावरच्या उंबरावर एक साळुंकी राहायची. आपल्या पिलांना गणित कळावं म्हणून ती चार-चार ओळींची गाणी रचायची. बेरीज, वजाबाकी, सम-विषम, सगळं पिलं गात गात शिकली. शून्य मात्र काही केल्या त्यांना कळेना. मग एका सकाळी तिने नवं गाणं केलं:

एक अंडं घरट्यात होतं,
सापाने ते गिळलं,
एकातून एक गेलं,
शून्य आम्हां कळलं!

पिलं खदखदून हसली. गाणं साऱ्या काठावर घुमलं. तेवढ्यात वाळूतून टिटवी धावत आली.

"साळुंकीताई, काल माझं अंडं सापाने नेलं. तुम्ही त्याचं गाणं केलंत?"

साळुंकीची चोच उघडीच राहिली. "बाई गं! मला खरंच ठाऊक नव्हतं," ती कशीबशी म्हणाली. "सोपं उदाहरण हवं होतं, म्हणून..."

"सोपं?" टिटवी एवढंच म्हणाली आणि माघारी वळली.

धाकट्या पिलाने घाबरून विचारलं, "आई, शून्य म्हणजे हे होय?"

पिलांना घेऊन साळुंकी खाली उतरली आणि टिटवीच्या मागोमाग गेली. वाळूत गारगोट्यांच्या मधे एक उथळ खळगा होता, तेच टिटवीचं घरटं. आत काहीच नव्हतं. पिलं त्याच्याभोवती गुपचूप उभी राहिली.

टिटवी म्हणाली, "बसा. पण खळग्यात पाय देऊ नका."