कोळ्याचे सोंग

नदीच्या वळणावर जिथे जंगल दाट होत जाते, तिथे एका उंबराच्या झाडावर पाकोळ्यांचे एक कूळ राहत असे. पाकोळ्या म्हणजे पतंगच, पण इतक्या लहान की मुलांनो, तुमच्या करंगळीच्या नखावर एक बसली तरी नखाचा काठ उघडा राहील. या कुळात जाती पुष्कळ. एक उंबरावर राही, एक पलीकडच्या पिंपळावर, एक वडावर. तुम्हाआम्हाला त्यांच्यातला फरक कळायचा नाही. त्यांना मात्र पंखावरचा एखादा पट्टा इकडचा तिकडे असला तरी लगेच कळे. उंबरावरची पाकोळी चुकूनसुद्धा पिंपळावर अंडी घालायला गेली नाही. आपापल्या झाडाचा सगळ्यांना भारी अभिमान होता.

उंबरावरच्या पाकोळ्यांच्या दोन रीती होत्या. अंड्यातून अळी बाहेर पडली की तिने पहिला घास पोटासाठी घ्यायचा नाही. आधी पान कुरतडून त्याला आरपार भोक पाडायचे आणि मग जेवायला बसायचे. वरून कोणी चाल करून आले, की त्या भोकातून पानाखाली पसार! पुढे अळीची पाकोळी झाली आणि पंख फुटले, की ते भोक अपुरे पडे. मग कामी येई दुसरी रीत, ती म्हणजे सोंग. पंख मोराच्या पिसाऱ्यासारखे उभारायचे. काठावरचे काळे चकचकीत ठिपके डोळ्यांसारखे दिसत आणि पट्टे दुमडलेल्या पायांसारखे. त्यात झटके देत तिरके चालले, की झाला कोळी तयार.

हा कोळी जाळे विणून वाट पाहणारा नव्हे बरे का. पानोपानी हिंडून सावजावर उडी घालणारा, बटबटीत डोळ्यांचा. त्याच्या जातीत एक शिस्त होती. चुकून दुसऱ्या कोळ्याच्या पानावर पाऊल पडले, तर पुढचे दोन पाय वर करून माफी मागायची आणि मागच्या पावली निघून जायचे. पाकोळ्यांचा जीव वाचत होता तो या शिस्तीवर.

या कुळात एक धाकटी होती. तिला वाढवले तिच्या म्हाताऱ्या आत्याने. आत्याच्या पंखांच्या कडा झिजून गेल्या होत्या, त्यामुळे तिला आता सोंग जमत नसे. ती बहुतेक वेळ पानाच्या पाठीशी बसून राही आणि तिथून धाकटीला शिकवी.

धाकटीवर पहिल्यांदा कोळी चालून आला, तेव्हा तिची बोबडीच वळली. तो दबकत दबकत जवळ आला आणि उडी घेण्यासाठी त्याने अंग आक्रसले. "उभार पंख!" आत्या खालून ओरडली. धाकटीने पंख उभारले, एक झटका दिला, दुसरा दिला. कोळी जागच्या जागी थबकला. त्याने पुढचे पाय वर केले.

"चुकलो, दादा," तो म्हणाला, "तुमचं पान आहे हे ध्यानात आलं नाही."

तो गेल्यावर धाकटी कितीतरी वेळ थरथरत होती. पण दुसऱ्यांदा ती कमी थरथरली, आणि तिसऱ्यांदा तर तिला चक्क मजा वाटली. कोळीही आता सरावला होता. लांबूनच तो विचारी, "काय दादा, बरं चाललंय ना?" आणि धाकटी पंख उभारून ऐटीत दोन पावले तिरकी चालून दाखवी. मग काय विचारता! मुंगी आली, पंख वर. मावा चिकटला, पंख वर. वाऱ्याने फांदी हलली तरी बाईसाहेबांचे पंख वर. पिंपळावरच्या बहिणींच्या पंखांवर ठिपके अगदी फिके होते. जरा खुट्ट झाले की त्या पंख मिटून पानाआड बसत. त्यांना पाहून ही खो खो हसे.

"घाबरट कुठल्या!" ती म्हणाली. "आमच्या उंबरावर या म्हणावं. इथं कोळी मला दादा म्हणतो."

"अगं, तो तुला नाही म्हणत," आत्या म्हणाली. "आणि हे बघ, सोंग फक्त कोळ्यापुरतं असतं. खडकाखाली ती कुंभारीण राहते ना, ती दिसली तर आधी पंख मिटायचे."

ही कुंभारीण म्हणजे गांधीलमाशीच्या नात्यातली, काळीनिळी, कंबरेला दोऱ्याएवढी बारीक. ती चिखलाची मडकी घडवी आणि त्यांत आपल्या पिल्लांसाठी कोळी भरून ठेवी. दुसरे काही तिला चालत नसे. पानावर शेकडो अळ्या असोत, तिकडे ती ढुंकूनही बघत नसे. तिने डंख मारला की कोळी मरत नाही, पण पुन्हा पायही हलवत नाही. तसाच जिवंत तो मडक्यात बंद होतो.

"कोळी मला भितो," धाकटी म्हणाली, "आणि कोळ्याला खाणारीला मी भिऊ?"

"जरा नीट विचार करून बघ," आत्या म्हणाली. पण धाकटीने विचार काही केला नाही.

दिवस सरले. धाकटीच्या पोटात अंडी तयार झाली. पाकोळीचे आयुष्य ते केवढे! तेवढ्यात अंडी योग्य पानावर पोहोचली नाहीत, तर मागे काहीच उरत नाही. एका दुपारी ती आपल्या जुन्या पानावर येऊन बसली. अळी असताना तिने याच पानाला भोक पाडले होते, ते आता पानाबरोबर वाढून चांगले मसुरीच्या दाण्याएवढे झाले होते. शेजारच्या डहाळीला तांबूस, कोवळी पालवी फुटली होती. जराशी विश्रांती घेऊन तिथे अंडी घालायची, असे तिने ठरवले होते.

एवढ्यात खालच्या फांदीवरून कोळी धावत आला. एरवी त्याची चाल किती सावध, पण आज तो नुसता सैरावैरा पळत होता. तो धाकटीच्या पानाखाली शिरला आणि भोकाला डोळे लावून त्याने वर पाहिले.

"दादा," तो धापा टाकत म्हणाला, "ती आलीय. तुम्ही दांडगे आहात, तिला घालवून द्या ना!"

आणि मग धाकटीला घूं घूं आवाज ऐकू आला.

कुंभारीण पानाच्या टोकावर उतरली. तिच्या डोक्यावरच्या मिशा सारख्या थरथरत होत्या. धाकटीच्या तोंडचे पाणी पळाले. आणि भीती वाटली की ती जे नेहमी करायची तेच तिने आताही केले. तिने पंख उभारले.

कुंभारीण वळली. "अरे वा," ती म्हणाली, "एक हातचा गेला तर दुसरा समोर उभा!"

धाकटीने झटका दिला. कुंभारीण घाबरली नाही, उलट खूश होऊन एक पाऊल पुढे आली. धाकटी तिरकी चालली. कुंभारीण आणखी पुढे आली. जितके सोंग चांगले वठत होते, तितकी ती जवळ येत होती.

"मी कोळी नाही हो, कुंभारीणबाई!" धाकटी किंचाळली. "मी पाकोळी आहे!"

"सगळे असंच म्हणतात," कुंभारीण म्हणाली. "कालच्यानं तर आपण मुंगी असल्याचं सांगितलं." भोकाखालच्या कोळ्यालाही ती दादाची थापच वाटली.

"पंख मिट, पोरी!" शेजारच्या पानाच्या पाठीमागून आत्याचा आवाज आला. "मिट आधी!"

पण मिटायचे कसे? भोकातून कोळ्याचे मोठाले डोळे तिच्याकडे टक लावून पाहत होते. पंख उभे ठेवावेत, तर समोर नांगी. पंख मिटावेत, तर पायाखाली कोळी, आणि त्याला कळणार की इतके दिवस आपण ज्याला दादा म्हणालो तो आपला घास होता. उडून जावे म्हटले, तर पोट अंड्यांनी जड, आणि कुंभारणीचे पंख तिच्यापेक्षा कितीतरी चपळ. धाकटीला रडू फुटले. आयुष्यात पहिल्यांदाच तिला आपले पंख नकोसे वाटले.

कुंभारणीने शेपूट वाकवले. नांगीचे टोक बाहेर आले.

धाकटीने पंख मिटले.

मिटताना तिचे सारे अंग नको नको म्हणत होते. डोळे गेले, पाय गेले, दांडगा दादा गेला, आणि पानावर उरली एक तपकिरी, चिमुकली, भेदरलेली पाकोळी. कुंभारणीची मिशी तिच्या पाठीवरून फिरली. एकदा फिरली, मग डोक्यापासून पुन्हा फिरली. धाकटीने श्वाससुद्धा घेतला नाही.

"शी! हे तर पाखरू निघालं," कुंभारीण वैतागून म्हणाली आणि तिने नांगी आत घेतली.

तिचे हे बोलणे भोकाखाली कोळ्याने ऐकले. मिटलेले पंखही त्याने पाहिले. वर कुंभारीण आहे, गप्प राहावे, हे त्याला कळत नव्हते असे नाही. पण त्याला आठवले ते आपले वर केलेले पाय, मागितलेल्या माफ्या आणि रोजचे "दादा, दादा". त्याच्या अंगाचा तिळपापड झाला.

"पाखरू?" तो ओरडला. "एका पाखरापुढे मी वाकत होतो?"

आणि पानाची कड ओलांडून त्याने धाकटीवर उडी घेतली. ती उडी पुरी झाली नाही. कुंभारणीने त्याला मधल्यामध्येच धरले. तिने डंख मारला आणि कोळ्याचे आठही पाय हळूहळू आखडून पोटाशी गेले. त्याचे डोळे मात्र उघडेच होते. त्याला उचलून ती खडकाच्या दिशेने निघून गेली.

आत्या झिजलेल्या पंखांनी कशीबशी वर आली आणि धाकटीला टेकून बसली. काही वेळाने दोघी कोवळ्या पालवीवर गेल्या. तिथे धाकटीने एकेक करून अंडी घातली.

"आत्या," ती म्हणाली, "तो मला वाचवा म्हणाला होता गं."

"तुला नाही, पोरी," आत्या म्हणाली. "तुझ्या सोंगाला म्हणाला होता."

त्या दिवसापासून धाकटी पिंपळावरच्या बहिणींना पुन्हा कधी हसली नाही. पुढे ती स्वतः आत्या झाली. नवे पंख फुटलेल्या पोरी सोंग शिकायला उतावीळ होऊन तिच्याभोवती जमत आणि पंख उभारून विचारत, "आत्या, असं का?" ती म्हणे, "ते मागाहून. आधी मिटून दाखवा."

तात्पर्य : सोंगाने जीव वाचतो खरा, पण ते वेळेवर उतरवता आले तरच, आणि सोंगाला मिळालेला मान कधीही आपला समजू नये.